मुंडकं हवेत का तरंगतं?

१८८२ सालचं एक चित्र आहे. काळ्या शाईतलं, शिळाछाप. आकाशात एक मोठा बलून चालला आहे, माणसांना टोपलीत बसवून वर नेतो तसला. फक्त बलूनच्या जागी डोळा आहे. पापण्यांसकट, बुबुळ वर फिरवलेला एक भलाथोरला डोळा. खाली टोपली नाही. ताटलीसारखं काहीतरी लोंबतं आहे आणि त्यात माणसाचं डोकं ठेवलेलं आहे. त्याखाली काळपट पाणी, कोपऱ्यात पाणथळीतलं एक झुडूप. आणि चित्रकारानेच लिहिलेली ओळ: ‘डोळा, एखाद्या विचित्र बलूनसारखा, अनंताकडे निघाला आहे.’

चित्रकाराचं नाव ओदिलाँ रदाँ, फ्रेंच. हे चित्र सहा चित्रांच्या ज्या संचातलं, तो त्याने एडगर ॲलन पो या अमेरिकी लेखकाला अर्पण केला होता. म्हणून पोच्या कथांमध्ये हा डोळा शोधायला जावं, तर असा प्रसंग तिथे कुठेच नाही. ओळही पोची नाही, रदाँची. मग याचा अर्थ काय? रदाँला हे विचारणारे बरेच असावेत, कारण त्याने याचं उत्तर लिहूनच ठेवलंय: माझी चित्रं काही ठरवून देत नाहीत, संगीतासारखी ती आपल्याला अनिश्चिताच्या संदिग्ध जगात नेऊन ठेवतात.

हे उत्तर वाचून काहींना राग येईल. मलाही आला होता. पण ‘अर्थ सांगणार नाही’ ही भूमिका चित्रातून कवितेत कशी शिरली आणि कवितेतून पुन्हा चित्रात कशी आली, हे एकदा लक्षात आलं की पुढच्या शंभर वर्षांतली बरीचशी ‘न कळणारी’ कविता निदान ओळखीची वाटू लागते. त्यासाठी त्या ताटलीतल्या मुंडक्याचाच माग काढू.

आधी एक शब्द सोडवून घेऊ. प्रतीकवाद. आपल्याकडे रूपक आणि प्रतीक हे शब्द बोलताना सरमिसळ होतात. ‘संसारसागर’ हे रूपक. संसार म्हणजे सागर, माणूस म्हणजे नाव, सद्गुरू म्हणजे नावाडी: जोड्या लावा, संपलं. ‘पैल तो गे काऊ कोकताहे’ मधल्या कावळ्याचं तसं होत नाही. तो अंगणापलीकडे ओरडणारा खराखुरा कावळा आहे, शकुन आहे, पंढरीच्या रायाची वाट पाहणाऱ्या मनाची धडधड आहे, आणि त्याला दहीभाताची उंडीही मिळणार आहे. यातलं एक काहीतरी निवडा म्हटलं तर विराणी मरते. प्रतीक म्हणजे हे. जोडी लावता येत नाही आणि लावायची गरजही पडत नाही.

फ्रान्समध्ये या वृत्तीला नाव मिळालं १८ सप्टेंबर १८८६ रोजी, झाँ मोरेआस या कवीने ‘ल फिगारो’ या दैनिकात छापलेल्या जाहीरनाम्यामुळे. बी मात्र जुनं होतं. १८५७ मध्ये बोदलेअर या फ्रेंच कवीने एका सुनीतात लिहून ठेवलं होतं की निसर्ग हे देऊळ आहे, त्याचे जिवंत खांब अधूनमधून अस्पष्ट शब्द बोलतात, आणि वास, रंग, नाद एकमेकांना साद देतात. दिसणाऱ्या प्रत्येक गोष्टीमागे न दिसणारं काही आहे, ही यातली गूढवादी बाजू. शतकाच्या अखेरीस तिला चांगलेच दिवस आले. कारखाने, रेल्वे, छायाचित्रं, ‘डोळ्यांना दिसतं तेच खरं’ म्हणणारं विज्ञान आणि तेच म्हणणारी कादंबरी, या सगळ्याचा वीट आलेली एक पिढी होती. तिला पलीकडचं काहीतरी हवं होतं. थिऑसॉफी ही गूढविद्येची चळवळ याच काळातली. न्यूयॉर्कमध्ये १८७५ साली निघालेल्या त्या सोसायटीचं बिऱ्हाड १८७९ ते १८८२ आपल्या मुंबईत होतं आणि तिचं ‘द थिऑसॉफिस्ट’ हे मासिक मुंबईतच सुरू झालं. तिकडे लंडनला १८८७ मध्ये विल्यम बटलर येट्स नावाचा तरुण कवी या सोसायटीच्या एक संस्थापक मादाम ब्लाव्हात्स्की यांच्या दारात जाऊन उभा राहिला.

आता मुंडकं.

बायबलमधली गोष्ट थोडक्यात अशी. हेरोद राजाच्या मेजवानीत त्याची सावत्र मुलगी नाचते. खूश झालेला राजा म्हणतो, माग काय मागायचं ते. आईच्या सांगण्यावरून ती बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचं शिर मागते. ते ताटात घालून आणलं जातं. मुलीचं नावसुद्धा बायबलमध्ये नाही. सालोमी हे नाव दुसरीकडून आलं. शेकडो वर्षं चित्रकारांनी हा प्रसंग रंगवला: नाच, ताट, मुंडकं, क्रमाने.

१८७६ च्या पॅरिसच्या वार्षिक प्रदर्शनात गुस्ताव मोरो या फ्रेंच चित्रकाराने हा क्रम मोडला. त्याच्या ‘ल आपारिसियाँ’ म्हणजे ‘दर्शन’ या जलरंगातल्या चित्रात सालोमी डावीकडे उभी आहे, अंगावर कपड्यांपेक्षा दागिने जास्त, एक हात ताठ पुढे केलेला. तिच्यासमोर, हवेत, योहानाचं मुंडकं तरंगतं आहे. भोवती तेजोवलय. मानेतून रक्त खाली ठिबकतं आहे. आणि गंमत बघा, मागे राजा बसला आहे, राणी आहे, तलवार घेतलेला मारेकरी उभा आहे, पण कुणाची नजर त्या मुंडक्यावर नाही. ते फक्त तिलाच दिसतं आहे.

हा प्रसंग कधीचा? शिरच्छेदानंतरचा म्हणावा तर मुंडकं हवेत कसं? आधीचा म्हणावा तर रक्त कुठून आलं? पुढे घडणारं तिला आधीच दिसतंय, की मागचं विसरता येत नाहीये? मोरो सांगत नाही. त्याने मुंडकं धडापासून तोडलं ते तोडलंच, गोष्टीपासूनही तोडलं. आणि गोष्टीतून सुटल्यावर ते मुंडकं कमी नाही, जास्त बोलायला लागलं. माझ्या मते कवींनी चित्रकारांकडून घेतलेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच: प्रतिमा कथेपासून कापून काढली तरी मरत नाही.

पण ‘मोरोने चित्र काढलं आणि कवींनी उचललं’ इतकं हे सरळ नाही. तारखा आड येतात. या चित्राच्या बारा वर्षं आधी, १८६४ मध्ये, तूर्नाँ नावाच्या लहानशा गावात इंग्रजी शिकवणाऱ्या बावीस वर्षांच्या एका मास्तराने याच मुलीवर लिहायला घेतलं होतं. स्तेफान मलार्मे. आपल्या नायिकेला त्याने सालोमी नव्हे, हेरोदियाद हे तिच्या आईचं नाव दिलं, कारण तो शब्दच त्याला काळपट आणि फुटलेल्या डाळिंबासारखा लाल दिसत होता. मित्राला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की आपण एक नवी कविता शोधतो आहोत आणि तिचं सूत्र असं: ‘वस्तू नव्हे, वस्तूने होणारा परिणाम रंगवायचा.’ क्रियापद लक्षात घ्या. लिहायचा नाही, रंगवायचा. मोरोचं चित्र अजून जगात नव्हतं, तेव्हाच मलार्मे कुंचल्याच्या भाषेत विचार करत होता.

म्हणजे हे उसनवारीचं प्रकरण नाही, शेजाराचं आहे. भिंतीपलीकडे कुणीतरी तोच राग आळवतंय हे कानावर यावं, तसं.

दोघांना एका खोलीत आणलं ते एका कादंबरीने. जॉरिस-कार्ल युइसमांसच्या १८८४ च्या ‘आ रबूर’ या कादंबरीत घटना जवळजवळ नाहीत. एक खानदानी, आजारी, जगाला विटलेला माणूस घरात कोंडून घेतो आणि निवडक चित्रं, पुस्तकं, अत्तरं, मद्यं यांच्यात जगतो. त्याच्या भिंतीवर मोरोच्या दोन्ही सालोमी आहेत, वर सांगितलेली आणि हातात कमळ घेऊन नाचणारी तैलरंगातली. (त्या कमळाचा अर्थ लावता लावता हा गृहस्थ पार भारतातल्या पूजाविधींपर्यंत जाऊन पोचतो.) दिव्याच्या मंद उजेडात चित्र अंधारात बुडत जातं आणि तो मलार्मेच्या ‘हेरोदियाद’मधल्या ओळी पुटपुटू लागतो: आरशाला उद्देशून, कंटाळ्याने चौकटीत गोठलेलं थंड पाणी म्हणून. चित्र दिसेनासं होतं तिथे कविता सुरू होते. काल्पनिक माणसाच्या काल्पनिक खोलीतला हा प्रसंग. पण मोजक्या लोकांना ठाऊक असलेला मलार्मे आणि त्याहून कमी लोकांना ठाऊक असलेला रदाँ यांना वाचक मिळाले ते या पुस्तकामुळे.

मग सालोमीची लाटच आली. लाफोर्ग या फ्रेंच कवीने तिची खिल्ली उडवणारी गद्यकथा लिहिली, ऑस्कर वाइल्डने थेट फ्रेंचमध्ये नाटक लिहिलं. त्यातलं बरंचसं सजावटीचं होतं, मोत्यांच्या माळा आणि चंद्रप्रकाश. मुंडक्याचं काय करायचं हे खरं कळलं ते मलार्मेलाच. ‘हेरोदियाद’वर तो मरेपर्यंत काम करत राहिला आणि ती अपुरीच राहिली. तिच्यासाठी त्याने योहानाच्या तोंडी एक गीत लिहिलं: सात कडवी, प्रत्येकात चार ओळी, तीन सहा-सहा अक्षरांच्या आणि शेवटची चारच. ओळीची मानच कापल्यासारखी. बोलणारं आहे खुद्द मुंडकं, तलवार फिरली त्या क्षणी. धडापासून सुटलेलं डोकं उसळून वर जातं आणि खाली येतं, जसा सूर्य जूनमध्ये सर्वांत उंच जाऊन, क्षणभर थबकून उतरायला लागतो. योहानाचा सण २४ जूनला, त्याच सुमारास येतो. शेवटचा शब्द आहे ‘साल्यू’. फ्रेंचमध्ये याचा एक अर्थ नमस्कार, दुसरा तारण, मुक्ती. मुंडकं झुकतं ते नमस्काराला की मुक्तीला? आपल्याला हे समजायला अवघड जाऊ नये. भेटल्यावर ‘राम राम’ म्हणणारी आणि गेलेल्या माणसाने ‘राम म्हटला’ म्हणणारी भाषा आपलीच आहे.

मोरोने मुंडकं हवेत ठेवून काळ मोडला, मलार्मेने एका शब्दात दोन अर्थ अधांतरी ठेवले. साधनं वेगळी, युक्ती तीच.

रदाँकडे परत येऊ, कारण या सगळ्यात मला तोच जास्त जवळचा वाटतो. मोरोकडे सोनंनाणं, रत्नं, राजवाडे. रदाँकडे पन्नाशीपर्यंत जवळजवळ फक्त काळा रंग. त्याच्या कोळशाच्या चित्रांत तो कागद काळाभोर करत जाई आणि मग तो काळा पुसून, खरवडून उजेड बाहेर काढी. म्हणून त्याचे चेहरे कागदावर काढलेले वाटत नाहीत, अंधारातून वर आलेले वाटतात. तरुणपणी बोर्दोमध्ये आर्माँ क्लाव्हो नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाशी त्याची मैत्री होती. क्लाव्होने त्याला सूक्ष्मदर्शकातून वनस्पती आणि प्राणी यांच्या सीमेवरचे जीव दाखवले, आणि बोदलेअरही वाचायला दिला. रदाँच्या चित्रांत दलदलीतल्या देठावर फुलाच्या जागी उदास माणसाचं तोंड उगवतं ते अशा ठिकाणाहून. म्हणूनच तो म्हणत असे की आपण दिसणाऱ्या जगाचं तर्कशास्त्र न दिसणाऱ्याच्या सेवेला लावतो. भूत काढायचं, पण त्याच्या मानेचे स्नायू बरोबर हवेत.

ते दलदलीतलं फूल १८८५ च्या ‘ओमाज आ गोया’ म्हणजे ‘गोया या स्पॅनिश चित्रकाराला मानवंदना’ या संचातलं. सहा चित्रं, प्रत्येकाखाली एक ओळ, आणि या सहा ओळी सलग वाचल्या तर एक छोटं गद्यकाव्यच होतं. संच मिळाल्यावर मलार्मेने २ फेब्रुवारी १८८५ रोजी रदाँला पत्र लिहिलं. तुम्ही आमच्या शांततेत स्वप्नाची आणि रात्रीची पिसं हलवता, असं त्यात आहे. एका चित्रातल्या जादूगाराविषयी तो लिहितो की माझं सगळं कौतुक त्याच्यासाठी आहे: जे रहस्य अस्तित्वातच नाही हे त्याला ठाऊक आहे, त्याचाच तो हट्टी, सांत्वन नसलेला शोधक आहे.

या वाक्यापाशी जरा थांबायला हवं. प्रतीकवाद्यांना गूढवादी म्हणताना आपण गृहीत धरतो की पडद्यामागे काहीतरी आहे यावर त्यांचा विश्वास होता. काहींचा होता. मलार्मेचा नव्हता. पलीकडे बहुधा काही नाही हे जाणूनही पडदा हलवत राहायचं, ही त्याची कविता. आणि रदाँच्या चित्रात त्याला आपलाच चेहरा दिसला. १८९१ मध्ये मुलाखत घेणाऱ्या पत्रकाराला त्याने जे सांगितलं ते मग जगभर उद्धृत झालं: वस्तूचं नाव घेतलं की कवितेतला तीन चतुर्थांश आनंद गेला, कारण तो आनंद हळूहळू ओळखण्यात असतो, सुचवणं, हेच स्वप्न. रदाँचा काळा हेच करतो. तो चेहरा दाखवतो आणि नाव सांगत नाही.

विश्वास असणारेही होतेच. स्वतःला ‘सार’ म्हणजे प्राचीन मेसोपोटेमियातला राजा म्हणवणाऱ्या जोझेफाँ पेलादाँने १८९२ मध्ये पॅरिसमध्ये गूढवादी चित्रकलेचं प्रदर्शन भरवलं. ऐतिहासिक चित्रं नकोत, देशभक्तीची नकोत, फळं-भांडी नकोत, पाळीव प्राणी नकोत, विनोद नको, आणि स्त्रियांनी काढलेली चित्रं तर मुळीच नकोत, असे नियम. गर्दी प्रचंड झाली. मोरो आणि रदाँ तिकडे फिरकले नाहीत. अध्यात्माची पाटी लावली की खरा माल दुसऱ्या गल्लीत जातो, एवढंच म्हणतो.

पॅरिसपासून दूर, रशियात, ही देवाणघेवाण जास्त जीवघेणी झाली. चित्रकार मिखाईल व्रुबेलने लेर्मोंतोव या रशियन कवीच्या ‘दानव’ या कवितेवरून १८९० मध्ये बसलेला दानव रंगवला: गुडघ्यांना हातांची मिठी, रत्नाचे तुकडे जोडावेत तसे रंगाचे चौकोनी फटकारे, मागे जांभळा-तांबूस संधिप्रकाश. १९०२ मध्ये त्याने कोसळलेला दानव काढला. तो प्रदर्शनात लागल्यावरही व्रुबेल तिथे येऊन त्याचा चेहरा बदलत राहिला. त्याच वर्षी त्याचं मन ढासळलं, पुढे दृष्टी गेली, १९१० मध्ये तो वारला. अंत्यविधीच्या वेळी कवी अलेक्सांद्र ब्लोक बोलला: या माणसांनी पाहिलेली जगं आपल्याला दिसत नाहीत. आणि काही दिवसांतच, रशियन प्रतीकवादावरच्या भाषणात, स्वतःच्या कवितेचा प्रवास त्याने चक्क रंगांत सांगितला. आधी सोनेरी उजेड, मग त्याला गिळत येणारा निळा-जांभळा काळोख. ‘मी चित्र रंगवत असतो तर,’ असं म्हणून तो एक चित्र उभं करतो: अफाट जगाच्या जांभळ्या संधिप्रकाशात एक पांढरी शवपीठिका हलते आहे आणि तिच्यावर एक मेलेली बाहुली निजली आहे.

इथे चित्राने कवितेला विषय दिला नाही. रंग दिला, आणि तो रंग मनाच्या अवस्थेचं नाव झाला. ब्लोकच्या कवितेत जांभळा किंवा निळा येतो तेव्हा ते वर्णन नसतं, इशारा असतो. आणि या साखळीची सुरुवात लेर्मोंतोवच्या कवितेपासूनच आहे: कविता, चित्र, पुन्हा कविता.

ही साखळी आपल्यापर्यंतही येते, जरा लांबच्या वाटेने. आर्थर सायमन्सने १८९९ मध्ये फ्रेंच प्रतीकवाद्यांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं आणि येट्सला अर्पण केलं. १९०८ च्या अखेरीस हार्वर्डमधल्या टी. एस. एलियट या विद्यार्थ्याच्या हाती ते पडलं, त्यातून त्याला लाफोर्ग भेटला, सालोमीची खिल्ली उडवणारा तोच. आणि मर्ढेकरांच्या कवितेवरची एलियटची छाया मराठी समीक्षकांनी अनेकदा दाखवली आहे. पिपात मेलेल्या ओल्या उंदरांचा अर्थ काय म्हणून चिडलेले मराठी वाचक आणि रदाँच्या डोळ्यासमोर डोकं खाजवणारे पॅरिसकर एकाच रांगेत उभे आहेत.

एक गोष्ट राहिली. मलार्मेने १८६८ मध्ये एक सुनीत लिहिलं. रात्र, उघडी खिडकी, खोलीत कुणी नाही, आणि मागच्या आरशात सप्तर्षींचं प्रतिबिंब. त्यात त्याने ‘प्टिक्स’ असा एक शब्द यमकासाठी घातला आणि मित्रांना कळवलं की हा कुठल्याच भाषेत नसला तर बरं. कवींची सुनीतं आणि चित्रकारांची कोरीव चित्रं एकत्र छापणारं एक पुस्तक तेव्हा निघणार होतं, म्हणून हे सुनीत पाठवताना त्याने लिहिलं: यावर स्वप्नाने आणि पोकळीने भरलेलं एक कोरीव चित्र होऊ शकेल. पुस्तक १८६९ मध्ये निघालं. हे सुनीत त्यात नव्हतं.

तीस वर्षांनी पुन्हा योग आला. ‘फाशांची एक फेक’ ही मलार्मेची शेवटची मोठी कविता, पानभर विखुरलेल्या लहानमोठ्या टाइपातली, चित्रांचा व्यापारी व्होलार पुस्तकरूपाने काढणार होता आणि चित्रं रदाँ करणार होता. मलार्मेची सूचना होती की चित्रांना पार्श्वभूमी हवी, कोरा पांढरा कागद मागे नको, नाहीतर पांढऱ्यावरचं काळं माझ्या अक्षरांचीच नक्कल करेल. रदाँने दगडावर काम सुरू केलं, काही ठसे निघाले. ९ सप्टेंबर १८९८ रोजी मलार्मे गेला आणि पुस्तक बारगळलं. कविता पुस्तकरूपाने पुढे १९१४ मध्ये निघाली, चित्रांशिवाय. तिच्या शेवटच्या पानावर, कोऱ्या पांढऱ्यात, उत्तरेकडे एक तारकासमूह उगवतो. तेच सप्तर्षी.